न लावलेला पाय

मी पायाळू आहे. आईच्या पोटातून माझे पाय आधी बाहेर आले आणि डोकं मागून. अशा माणसाचा पाय पाठीला लागला की उसण उतरते, हे आमच्या उमरग्यात कुणालाही विचारा. उसण म्हणजे पाठीत नाहीतर बरगडीत भरणारी चमक. ती भरली की माणूस वाकत नाही, वळत नाही, खोकायलाही भितो. दर रविवारी सकाळी अशी माणसं माझ्या ओसरीवर येऊन बसतात. चटईवर पालथं झोपायचं, मी डाव्या पायाची टाच तीन वेळा दाबणार, आणि उठून आपल्या पायानं घरी जायचं. चाळीस वर्षं करतेय मी हे. कुणाकडून नारळसुद्धा घेतलेला नाही. यावर कुणी हसलं की मला राग येतो, आणि माझा राग सगळ्या गल्लीला ठाऊक आहे.

माझी सून श्रीदेवी हसायची नाही, हे तिच्या बाजूनं सांगायला हवं. ती नर्स आहे. हायवेकडं एक खासगी दवाखाना आहे, तिथं तातडीचे पेशंट येतात त्या खोलीत तिची ड्यूटी असते. नोकरीवाली सून नको, असं मी सोमलिंगला, माझ्या मुलाला, बजावून सांगितलं होतं. त्यानं ऐकलं नाही. आली तेव्हापासून ही पोरगी घरचं सगळं करायची, मला अव्वा म्हणायची, उलटून एक शब्द बोलायची नाही. पण माझ्या मनात एक सल होता. दवाखान्यात रोज दोन-चार माणसं पाठ धरून येत असणारच. त्यातल्या एकालाही हिनं सहा वर्षांत ‘आमच्या अव्वांकडं जाऊन या’ असं म्हटलं नव्हतं. मी कधी विचारलं नाही, आणि तिनं कधी सांगितलं नाही. तेवढ्या एका गोष्टीवरून मी तिच्या हातच्या आमटीत मीठ कमी आहे असं अधूनमधून म्हणत असे.

तो रविवार फाल्गुनातला. आठ वाजत आले होते. ओसरीवर तीन माणसं बसली होती, त्यात गुंजोटीची एक म्हातारी. तेवढ्यात दारात जीप थांबली आणि माझा धाकटा भाऊ वीरप्पा उतरला. तो मुरूमला असतो. त्याच्या मागून त्याचा एकुलता एक मुलगा विरुपाक्ष उतरला, दाराला धरून, एकेक पाय टाकत. पोरगा चोवीस वर्षांचा, उंचीला दाराच्या चौकटीला लागणारा आणि अंगावर मांस नावाला.

“अक्का, आधी ह्याला घे,” वीरप्पा आल्या आल्या म्हणाला. “उसण भरलीय. सकाळी दात घासता घासता भरली बघ. आन अकराला आळंदचे पाव्हणे यायलेत ह्याला बघायला. असा वाकडा बसला तर काय म्हनतील?”

सोयरिकीचं काम म्हटल्यावर ओसरीवरच्या माणसांनी आपला नंबर सोडला. मी विरुपाक्षला चटईवर बसवलं आणि कुठं दुखतंय ते विचारलं.

“आत्या... डावीकडं,” तो म्हणाला. मग थांबला. “इथं... खांद्यापातुर.” पुन्हा थांबला. दोन शब्दांमागं एक श्वास, असं चाललं होतं त्याचं.

मी अंगठ्यानं चाचपायला सुरुवात केली. उसण असली की नेमक्या जागेवर बोट पडताच माणूस किंचाळतो. हा किंचाळला नाही. मी बरगडी बरगडी दाबून पाहिली, मणक्याच्या कडेनं खाली गेले, पुन्हा वर आले. कुठंच त्याला जास्त दुखलं नाही. कळ होती ती आत होती, माझ्या अंगठ्याला न लागणारी. तेव्हाच मी थांबायला हवं होतं. थांबले नाही. समोर माणसं बघत होती, भावाला घाई होती, आणि आल्या माणसाला मी कधी परत पाठवलेलं नव्हतं. गर्व होता मला, दुसरं काय.

“झोप पालथा,” मी म्हटलं.

“पालथं झोपलं की... जीव घाबरतोय, आत्या.”

“झोप रे, दोन मिन्टं,” वीरप्पानं दटावलं. “लहान हायस का?”

पोरगा कसाबसा पालथा झाला. मी पाय धुतला, पदर खोचला, भिंतीला हात टेकला आणि पाय उचलला.

“अव्वा, थांबा.”

श्रीदेवी दारात उभी होती. रात्रपाळी करून आलेली, अंगावर दवाखान्याचे कपडे, हातात डबा. मी तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. माझ्या ओसरीवर, माझ्या रविवारी, मला थांबवणारं अजून कुणी जन्माला आलेलं नव्हतं. मी पाय खाली आणू लागले, तशी तिनं डबा फेकला आणि धावत येऊन विरुपाक्षच्या पाठीवर आपले दोन्ही तळवे पसरून बसली. टाच खाली आली असती तर तिच्या हातांवर आली असती.

“सरक,” मी म्हटलं.

“न्हाय सरकणार. दोन मिनिटं द्या मला. मग काय करायचं ते करा.”

चार माणसांसमोर सुनेनं ‘न्हाय’ म्हटलं. माझं डोकं तापलं. पण तिच्या आवाजात मला एक गोष्ट ऐकू आली, जी सहा वर्षांत ऐकली नव्हती. ती घाबरलेली होती, आणि मला घाबरलेली नव्हती.

तिनं त्याला उठवून बसवलं. बसल्यावर त्याला थोडं बरं वाटलेलं दिसलं. तिनं शर्टाची बटणं सोडली आणि एका दमात विचारत सुटली. पडला होतास का, कुणी मारलं का, ताप होता का, खोकला होता का. सगळ्याला तो नुसती मान हलवत होता, नाही, नाही. अचानक कळ आली, आणि तेव्हापासून दम पुरत नाही, एवढंच. तिनं मनगट धरलं, घड्याळाकडं बघितलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली. नाडी फार पळत होती.

“अव्वा, इकडं समोर बसा,” ती म्हणाली. “छातीकडं बघा. दोन्ही बाजू.”

मी रागातच बसले आणि बघितलं. उजवी बाजू श्वासागणिक वर येत होती, खाली जात होती. डावी फुगून राहिल्यासारखी होती आणि हलतच नव्हती. एका अंगाचा माणूस जागा आणि दुसऱ्या अंगाचा झोपलेला. चाळीस वर्षं मी माणसांच्या पाठी बघत आले. पण पालथ्या पाठीच. बसवून कुणाची छाती मी कधी बघितली नव्हती.

श्रीदेवीनं त्याच्या छातीवर आपलं एक बोट ठेवलं आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं त्यावर टकटक केलं. उजवीकडं साधा आवाज आला. डावीकडं पत्र्याचा रिकामा डबा वाजवल्यासारखा आला. ओसरीच्या टोकाला बसलेल्या म्हातारीनंसुद्धा मान वर केली. मग श्रीदेवीनं त्याच्या पाठीला कान लावला, कारण तिची ऐकायची नळी दवाखान्यात राहिली होती. आधी उजवीकडं, मग डावीकडं, पुन्हा उजवीकडं, पुन्हा डावीकडं. आणि मग ती माझ्याकडं वळली.

“आता तुम्ही ऐका.”

“मी कशाला ऐकू? नर्स तू हाईस.”

“तुम्ही जेवढ्या पाठी बघितल्यात, तेवढ्या म्या न्हाय बघितल्या. ऐका, अव्वा.”

हे ती मला चढवायला म्हणाली की खरंच तसं वाटून म्हणाली, हे मी आजवर विचारलेलं नाही. मी कान लावला. उजव्या बाजूला श्वास येत होता, जात होता, कडब्यातून वारा जावा तसा. डाव्या बाजूला कान लावला तर काहीच नव्हतं. माझाच कान बिघडला की काय म्हणून मी पुन्हा उजवीकडं लावला. तिकडं श्वास होता. पुन्हा डावीकडं. काहीच नाही. माझ्या भावाच्या पोराच्या अर्ध्या छातीत कुणी राहतच नव्हतं.

“काय हाय हे?” मी हळूच विचारलं.

“फुप्फुसाला भोक पडलंय असं वाटतंय. उंच, बारीक पोरांना पडतं कधी कधी, काही कारण नसताना. आतली हवा फुप्फुसाच्या बाहेर येऊन छातीत साठते आन फुप्फुस दबून जातं. खात्री दवाखान्यात होईल. पण आता थांबायचं न्हाय.”

“आन मी पाय लावला असता तर?”

तिनं खाली बघितलं. “पालथं पाडून दाबलं, तर चाललाय तो श्वास बी कोंडला असता.”

वीरप्पा इतका वेळ घड्याळ बघत होता. आता तो उसळला. “ए बाई, दवाखान्याचं नाव काढू नको. इथनं नेलं की अर्ध्या तासात आळंदला कळतंय. पोराच्या छातीत दोष हाय म्हनतील. एकदा नाव पडलं की कोन देतंय पोरगी? अक्का, तू लाव पाय. माझी उसण तूच काढलीस, आप्पाची तूच काढलीस. ही कालची पोर, हिचं काय ऐकतीस?”

“लावा की वं शरणम्मा,” गुंजोटीची म्हातारी म्हणाली. “पाय लावून मग न्या दवाखान्यात. त्यात काय जातंय?”

खरं सांगते, मला मोह झाला. तीनदा हलकेच पाय टेकवायचा, दाबायचंसुद्धा नाही. भावाचं मन राहील, लोकांसमोर माझा मान राहील, आणि मग जाऊ दे दवाखान्यात. पण तेवढ्यासाठी तो पोरगा पुन्हा पालथा झोपायला हवा होता. मी त्याच्याकडं बघितलं. तो बोलणाऱ्यांकडं बघत नव्हता. दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, खांदे वर ओढून, तो पुढच्या श्वासाची वाट बघत बसला होता. आणि श्रीदेवी माझ्याकडं बघत होती. वीरप्पा तिचं ऐकणार नाही, हे तिला माहीत होतं. तो फक्त माझं ऐकतो. लहानपणापासून.

मी खोचलेला पदर सोडला आणि चपला पायात घातल्या.

“वीरप्पा, ही उसण न्हाय. हे माझ्या पायाचं काम न्हाय.”

“मंग कुनाचं हाय?”

“हिचं. गाडी काढ.”

“अगं अक्का, पाव्हणे...”

“गाडी काढ म्हणतेय ना! पोरगा न्हाय राहिला तर पाव्हणे काय तुला बघायला येनारेत व्हय?”

मी ओरडले ते बहुतेक बसस्टँडपर्यंत गेलं असेल. वीरप्पानं गाडी काढली.

विरुपाक्षला आम्ही मधे बसवलं, एका बाजूला श्रीदेवी आणि एका बाजूला मी. श्रीदेवीनं फोन लावला. एरवी घरात हळू बोलणारी ही पोरगी फोनवर पाटलासारखी बोलत होती. वय चोवीस, अचानक दुखणं, डाव्या बाजूला श्वास ऐकू येत नाही, नाडी एवढी, दहा मिनिटांत पोचतोय, सुई आणि नळी तयार ठेवा. मधले काही इंग्रजी शब्द मला कळले नाहीत. पलीकडचा माणूस तिला उलट काही विचारत नव्हता, ते मात्र कळलं.

हायवेवर ट्रकांची रांग लागलेली होती. तिथं पोराचा रंग बदलला. ओठ जांभळे पडायला लागले. मानेच्या शिरा दोरीसारख्या टरारून वर आल्या. श्रीदेवीनं त्याच्या गळ्याच्या खळगीत बोट ठेवलं आणि माझ्याकडं बघून हळू आवाजात म्हणाली, “श्वासाची नळी मधोमध असते ना, अव्वा? ती उजवीकडं सरकायलीय. हवेचा दाब वाढलाय आत.” मग मोठ्यानं, “मामा, हॉर्नवरचा हात काढू नका. कडेनं घ्या. घ्या म्हणतेय ना!”

वीरप्पानं गाडी रस्त्याच्या कडेच्या मुरमावरून घातली. कालची पोर म्हणणारा माझा भाऊ, आता ती सांगेल तसं स्टिअरिंग फिरवत होता.

दवाखान्याच्या दारात डॉक्टर स्वतः उभे होते. स्ट्रेचरवर घेता घेता त्यांनी पोराची मान बघितली, छातीला नळी लावून ऐकलं, श्रीदेवीकडं बघून एकदाच मान हलवली आणि छातीचा फोटो काढायला थांबले नाहीत. डाव्या बाजूला, गळ्याच्या हाडाच्या खाली, त्यांनी एक जाड सुई घातली. मी पडद्याच्या फटीतून बघत होते. फुस्स करून हवा बाहेर आली, चांगली ऐकू येईल अशी. दोन-तीन मिनिटांत पोराच्या ओठांचा रंग परत यायला लागला. मग त्यांनी बरगड्यांमधून एक रबरी नळी आत सोडली आणि तिचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवलं. बाटलीत बुडबुडे यायला लागले. नळी टाकताना विरुपाक्ष ओरडला, चांगला खच्चून ओरडला. एवढं ओरडायला दम लागतो, म्हणून मला ते ओरडणं गोड लागलं.

वीरप्पा बाकावर बसून लहान पोरासारखा रडला. मग त्यानं तोंड पुसलं आणि आळंदला फोन लावला. सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाला, “पोरगा दवाखान्यात हाय. छातीला नळी लावलीय. बघायचं तर हितं येऊन बघा, न्हायतर ऱ्हाऊ द्या.” पाव्हणे दुपारी तिथंच आले आणि बाटलीसकट पोराला बघून गेले. पुढं सोयरीक जमली का, ते ठरायला आणखी दोन महिने लागले, ते सोडा.

डॉक्टर टेबलाशी बसून केसपेपर लिहीत होते. वीरप्पाची सही आणि अंगठा झाला होता, शाईची पेटी अजून टेबलावर उघडीच होती. मी आणि श्रीदेवी समोर उभ्या होतो.

“इथं आणायच्या आधी कुठं दाखवलं होतं? घरी काही केलं का?” त्यांनी विचारलं.

श्रीदेवीनं माझ्याकडं बघितलं नाही. भिंतीकडं बघत म्हणाली, “काही न्हाय, सर. दुखायला लागलं तसं लगेच आणलं.”

मला कळलं ती काय करतेय. तिच्या दवाखान्यात, तिच्या साहेबासमोर, ती माझी अब्रू झाकत होती. सहा वर्षं तिनं माझ्याकडं एकही पेशंट का पाठवला नाही, तेही मला त्या क्षणी कळलं, आणि घरी ती त्यावर अवाक्षर का बोलली नाही, तेही. पण माझं असं आहे की मन भरून आलं की मला रागच येतो.

“खोटं बोलू नको,” मी म्हटलं. “डॉक्टर, मी पायाळू हाय. मी ह्याला उसण समजून पालथा पाडला होता. पाय उचलला होता. हिनं मधे हात घातले, म्हणून थांबले.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, “मावशी, अजून पंधरा-वीस मिनिटं गेली असती तर मी काही करू शकलो नसतो. फोनवर सिस्टरनी सगळं सांगितलं म्हणून मी तयार होतो. ऐकायच्या नळीशिवाय, फोटोशिवाय हे ओळखणं सोपं नसतं.”

“मग लिवा की ते.”

“काय?”

“हेच. हिनं ओळखलं म्हणून. नाव घालून लिवा.”

“अव्वा, राहू द्या हो,” श्रीदेवी कुजबुजली. तिचे कान लाल झाले होते.

“मावशी, केसपेपरवर पेशंटचं लिहितात,” डॉक्टर हसून म्हणाले.

“मग पेशंटचंच सांगतेय मी. हा जित्ता हाय तो कुणामुळं, हे पेशंटचं न्हाय तर कुणाचं?”

खोलीतल्या दोन नर्स तोंडाला रुमाल लावून हसत होत्या. हसू दे. मला त्या वेळी इतका अभिमान वाटत होता की तो अंगात मावत नव्हता. माझ्या पायाचं कौतुक लोकांनी चाळीस वर्षं केलं, त्याचा मला असा अभिमान कधी वाटला नव्हता. ही माझ्या घरातली पोरगी. माझ्या घरातून रोज डबा घेऊन जाणारी. आणि मी तिच्या आमटीतल्या मिठाची खोड काढत बसले होते.

डॉक्टरांनी पेन उचललं. “पूर्ण नाव सांगा.”

“श्रीदेवी सोमलिंग हत्तरगे. आमची सून.”

त्यांनी लिहिलं. मी वाचून दाखवायला लावलं. त्यांनी वाचलं, “पेशंटच्या नातेवाईक श्रीदेवी सोमलिंग हत्तरगे, स्टाफ नर्स, यांनी घरीच लक्षणं ओळखून तातडीनं आणलं.”

“नातेवाईक न्हाय. सून लिवा. शरणम्माची सून.”

त्यांनी ‘पेशंटच्या नातेवाईक’वर काट मारली आणि ‘शरणम्माची सून’ लिहिलं. मी शाईची पेटी पुढं ओढली.

“अहो मावशी, इथं अंगठ्याची गरज नाही.”

“तुम्हाला नसंल,” मी म्हटलं, आणि तिच्या नावाखाली माझा अंगठा उठवला.